आम्ही घरमालक झालो त्याची गोष्ट

दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा बाबांनी कामरगावात एक दुमजली इमारत विकत घेतली. खाली पिठाची गिरणी आणि शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या आणि सज्जा, मागे विहीर. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. रिठदचा आजोबांचा जमिनीचा तुकडा विकून त्यांनी हे धाडस केलं. दुकानांचं भाडं यावं आणि वर आपण राहावं, इतका साधा बेत. आमच्या घराण्यात याआधी कुणी घरमालक झालं नव्हतं, त्यामुळे घरमालकाला स्वतःच्या घरात राहता येतं अशी आमची भोळी समजूत होती.

वरच्या खोल्यांत एका कचेरीतले बाबू बारा वर्षांपासून भाड्याने राहत होते. विकणारे शेठ म्हणाले होते, सज्जन माणूस आहे, सांगितलं की निघेल. कारंज्याला खरेदीखत झालं, शेठ अमरावतीला मुलाकडे निघून गेले आणि बाबा मला सोबत घेऊन त्या सज्जन माणसाला भेटायला गेले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते.

बाबूंनी आमचं फार अगत्याने स्वागत केलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून आपण जातपात मानत नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. चहा आला. घरच्यांचे कप आतून आले. आमच्या दोघांसाठी काचेचे दोन ग्लास सज्ज्याच्या कोनाड्यातून काढले. पाहुण्यांसाठी अशी वेगळी व्यवस्था ठेवणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होते.

खोल्यांचा विषय निघाला तेव्हा बाबू हसले. म्हणाले, "मी काहून जाऊ, मास्तर? भाडं टायमावर देऊन राह्यलो न? कायदा भाडेकरूच्या बाजूनं हाये. तुमी तं शिकेल मानसं, तुमाले काय सांगा लागते."

कारंज्याच्या वकिलांनीही तेच सांगितलं, फक्त त्याची फी घेतली. कोर्टात गेलात तर पोरीच्या लग्नापर्यंत निकाल लागेल, म्हणाले. मग आम्ही गावाच्या टोकाला आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीतच राहिलो. मालकही आम्हीच, भाडेकरूही आम्हीच. मालकीचा लाभ पावसाळ्यात कळला. पत्रे गळायला लागले आणि बाबूंनी चिठ्ठी पाठवली, की दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. रविवारी बाबा डांबर घेऊन स्वतःच पत्र्यावर चढले. बाबू खाली खुर्ची टाकून कुठे गळतं ते बोटाने दाखवत होते. बाबा घरी आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते. मायने रॉकेलच्या बोळ्याने ते पुसून काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोर, बादली आणि कळशी घेऊन निघाली. मी लहान गुंडी घेऊन मागे. आमच्या वस्तीच्या विहिरीकडे न वळता ती थेट इमारतीच्या मागे गेली आणि बादली विहिरीत सोडली.

बाबूंच्या पत्नी जिना अर्धा उतरून थांबल्या. त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं, की हे पिण्याचं पाणी आहे, घरी देवधर्म असतो. तुम्ही बाजूला उभ्या राहा, मी काढून वरून ओतून देत जाईन.

माय म्हणाली, "बाई, विहीर खरेदीखतात लिवली हाये. तुमालेच पानी लागलं तं सांगा. मी काढून देईन."

बाई वर गेल्या. माय रोज पाणी भरायला जाऊ लागली. जातपात न मानणाऱ्या त्या कुटुंबाने दुसऱ्याच दिवसापासून गावविहिरीचं पाणी आणायला एक पाणक्या लावला. विहीर खिडकीखाली, आणि पाणी अर्ध्या कोसावरून. कायद्याच्या कोणत्याही कलमात आपल्या मालकिणीने पाणी भरू नये असं नसावं, नाहीतर बाबूंनी ते शोधून काढलं असतं.

तीन महिन्यांनी त्यांनी खोल्या सोडल्या. गिरणीच्या आवाजाने डोकं दुखतं, असं त्यांनी गावात सांगितलं. बारा वर्षं दुखलं नव्हतं. पण दुखणं काय, कधीही सुरू होतं. जाताना त्यांनी बाबांकडून उत्तम भाडेकरू असल्याचं पत्र मागितलं. बाबांनी ते वळणदार अक्षरात लिहून दिलं. माय म्हणाली, पत्र कायले द्याचं? बाबा म्हणाले, नव्या मालकाले बी कळू दे.

आम्ही वर राहायला गेलो. गिरणी सकाळी सहाला सुरू व्हायची आणि फरशीसकट आम्ही सगळे हलायचो. वह्या तपासताना बाबांनी केलेल्या 'बरोबर'च्या खुणा लाल गांडुळासारख्या वळायच्या. पिठाचा थर सगळ्या भांड्यांवर. कुणीच तक्रार केली नाही.

पहिल्या संध्याकाळी कंदील लावून झाल्यावर माय खाली उतरली. मला वाटलं, दुकानात काही आणायला गेली असेल. सज्ज्यातून पाहिलं तर ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून वरच्या उजेडाच्या खिडकीकडे बघत होती. एसटीतून उतरलेली माणसं तिला वळसा घालून जात होती.