माझ्या नावाने केलेला बदल

"हिच्या आईच्या हातातला झाडूच हिला द्यायला पाहिजे होता. निदान ऑफिस तरी साफ राहिलं असतं."

शेतकी अधिकारी हे बोलले तेव्हा खिडकीपाशी ऊसवाले शेतकरी दाटीने उभे होते. काही हसले. आमचा स्टाफ मान खाली घालून हसला. माझी आई याच साखर कारखान्याच्या वसाहतीतले संडास धुवायची, हे सगळ्यांना माहीत. म्हणून तर बोलले. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. झाकण उघडं. ते लावायचंही सुचेना.

माझा गुन्हा काय? ऊसतोडीचा क्रम बदलला होता आणि संगणकात बदल करणाऱ्याचं नाव माझं दिसत होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एक खाना आहे. तोड कशाच्या क्रमाने द्यायची? लागणीच्या तारखेने, की रस्त्याच्या सोयीने? तारखेने ठेवलं तर आधी लावलेला ऊस आधी तुटतो. कारखान्याचा नियमही तोच. सोयीने ठेवलं की डांबरी सडकेवरचा आधी तुटतो. आणि सडकेवरची रानं कुठल्या बड्यांची, हे माजलगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हा एक खाना फिरवला की कारखान्याच्या गावोगावच्या सगळ्या गट ऑफिसांची यादी उलटते.

"साहेब, मी काल रजेवर होते. वडवणीला, भाचीच्या साखरपुड्याला."

"मग तुझं नाव काय भुतानं घातलं?"

पुन्हा हशा. एरवी मला 'ताई' म्हणणारा, माझ्याहून लहान माणूस. चार लोकांसमोर 'तू'वर आला.

आमच्या ऑफिसची रीत अशी, की खाती सगळ्यांची वेगळी, पण उघडायचं फक्त माझं. मी नसले तर पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला. हुकूम साहेबांचाच. मी कितीदा म्हटलं, ज्याने त्याने आपलं खातं वापरावं. बदल करायच्या आधी गटवाल्यांना कळवावं, जुनं काय होतं ते टिपून ठेवावं, म्हणजे चुकलं तर परत फिरवता येतं. मला घरात किराण्याचीसुद्धा यादी लागते, इथे तर हजारोंचा ऊस. साहेब म्हणायचे, "ताई, कारखाना हाय हा. शाळा न्हाई."

चहाच्या वेळी शेजारच्या कारकुनाने हळूच सांगितलं, "साहेबच बसलते तुमच्या खुर्चीवर. आमी काय बोलणार?"

मघाशी हसताना मात्र तोंड उघडलं होतं.

खिडकीवरच्या गर्दीतली गयाबाई तेवढी हसली नव्हती. तिचा ऊस ओढ्यापलीकडे, सडकेपासून लांब. तुरे येऊन गेलेले, कांडी वाळायला लागलेली. तोड तोंडावर आली होती, ती आता कुठच्या कुठे मागे गेली. फाटकापाशी तिने मला गाठलं.

"कावून गं माय? तू तर आपल्या वस्तीतली. मी तुझं काय वाईट केलतं?"

"मावशी, मी नाही केलं."

"मग तुझं नाव कसं?"

झाडूचं बोलणं मी गिळलं असतं. आजवर तसलं पुष्कळ गिळलंय. हे गिळेना. ज्या नावासाठी आईने मला शिकवलं, ते नाव यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यासारखं वापरलं. घाव आमच्याच बाईवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासवर्डची चिठ्ठी फाडली. पासवर्ड बदलला. क्रम परत तारखेवर आणला आणि सगळ्या गट ऑफिसांना कळवलं, काय होतं, काय झालं, का फिरवलं. खाली माझं नाव. या वेळी खरोखर माझं.

दुपारी साहेब आले.

"उठा. क्रम बदलायचाय. पासवर्ड काय ठेवला?"

"सांगणार नाही. तुमचं खातं आहे, त्यातून करा."

"मला माझं खातं कुठं उघडता येतंय?"

"बसा, शिकवते. अवघड नाही. फक्त खाली तुमचं नाव येईल."

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "बसा की साहेब, लाजता काय नव्या नवरीवानी!"

साहेब बसले नाहीत. दात आवळून म्हणाले, "लई मस्ती आलीय. नोकरी पाहिजे का न्हाई?"

"पाहिजे. पण माझ्या नावाने तुमचं पाप नको."

त्याच आठवड्यात मला वजनकाट्यावर टाकलं. पत्र्याची खोली, दिवसभर ट्रॅक्टरचा धूर. माझ्या जागी आलेल्या मुलीचं खातं आता सगळ्यांसाठी उघडं असतं. क्रम पुन्हा सडकेवर गेलाय. गयाबाईचा ऊस अजून उभा आहे.

तेव्हा मी जिंकले, असं कुणी समजू नये. मी फक्त गप्प बसणं सोडलं. वस्तीतल्या घराघरात जाऊन मी तो खाना काय असतो ते सांगितलं. कोण फिरवतं, तेही नावानिशी सांगितलं. त्या नव्या मुलीलाही सांगितलं, पासवर्ड बदल. ती अजून घाबरते. घाबरू दे, मी रोज सांगणार.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत गयाबाई, मी आणि ओढ्यापलीकडच्या सगळ्या बाया त्या खिडकीपाशी उभ्या राहणार आहोत. ज्याला क्रम बदलायचा त्याने आमच्या देखत स्वतःचं खातं उघडावं. साहेबांनी निरोप धाडलाय, आलीस तर काट्यावरूनही काढीन.

काढा. मग दुपारच्या सुट्टीची वाट बघावी लागणार नाही. सकाळपासून उभी राहीन.