विण्याचा पहारा

माझ्या गुडघ्याची वाटी फुटली ती चुलतभावाच्या बैलामुळं. बैल मारका हाय, दावं नीट बांध, असं मी त्याला आडावर चांगलं बजावलं होतं. त्यानं हं हं केलं अन् चिलीम ओढत बसला. बैल सुटला अन् त्यानं मला जनावरं पाणी पितात त्या दगडाच्या डोणीवर चेपलं. बैलावर माझा राग न्हाई, जनावराला काय कळतं. पण मला गाडीत घालून वसमतच्या टेसनावर नेलं, त्याच दिवशी हा बहाद्दर मारुतीच्या पारावर म्हणाला, "देवानंच बसवला त्याला." हे मला हैदराबादच्या दवाखान्यात, ऑपरेशन झाल्यावर मेव्हण्यानं सांगितलं. गुंगी पुरती उतरली नव्हती, तरी अंगाचा तिळपापड झाला.

तो असं काहून म्हणाला, ते सांगतो. आमचं गाव कुरुंद्याच्या अल्याड. तिथं चैतात हरिनामाचा सप्ता बसतो. सात दिवस विणा खाली ठेवायचा न्हाई. ज्याचा पहारा असल त्यानं तो गळ्यात घालून उभं राहायचं, टेकायचं न्हाई, बसायचं तर न्हाईच. दिवस कलल्यावरचा पहारा माझ्या बापाचा, बाप गेल्यावर तो माझा झाला. माझ्यानंतरचा चुलतभावाचा. त्याला माझाबी पाहिजे होता. माझ्या पहाऱ्याला सगळं गाव येतं, अन् त्याच्या वक्ताला लोक जेवायला उठतात. मी लंगडा झालो की पहारा गेला, हे त्यानं बराबर ताडलं होतं. गावातल्या जुन्या टाळकऱ्यानं चुलतभावाला निवाडा दिला: सप्त्याला उभा राहिला तर पहारा त्याचा, न्हाईतर तुझा.

मग मी मनाशी गाठ बांधली. उभं राहायचं, अन् तोवर त्याला माझं कण्हणं ऐकू येऊ द्यायचं न्हाई. दवाखान्यातला डॉक्टर मोठा मायाळू होता. हंसते रहो, हड्डी जल्दी जुडती, म्हणायचा. त्याला काय ठाव मी कशापायी हसतो!

निजामाच्या गाडीनं परत घरी आलो. आमच्या अन् त्याच्या घरात एकच भिंत. प्लास्टर निघाल्यावर बायको रोज सकाळी कोमट तेल लावून गुडघा वाकवायची. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मी भिंतीकडं तोंड करून खड्या आवाजात हरिपाठ सुरू करायचो. तकलीफ वाढली की आवाज वाढायचा. तो विचारपुशीला म्हणून यायचा, खरं तर मी किती खंगलो ते बघायला. मी त्याला गूळपाणी देऊन इतका हसायचो की तो बिचकून निघून जायचा. दुखतं का, एवढं एकदाबी विचारलं न्हाई त्यानं.

"हे देवासाठी गाता का त्याच्यासाठी?" बायकोनं एकदा विचारलं.

"दोघांलाबी ऐकू जातं," मी म्हणलो.

पण देव मी सोडला नव्हता. मला देवानं बसवला हे मी एक घडीबी मानलं न्हाई. पांडुरंगाला माझ्या गुडघ्याशी काय वैर? दावं काय त्यानं सैल सोडलं होतं? वाळला भोपळा दोरीनं गळ्यात अडकवून, विणा समजून, मी आंगणात उभा राहायचो. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसा म्हणलं.

सप्ता बसला. माझ्या वक्ताला मी काठी मंदिराबाहेर टाकली अन् विणा गळ्यात घेतला. मांडी थरथरत होती, घाम टाचेपर्यंत ओघळत होता, पण अभंगावर अभंग म्हणलो. बापाची आठवण येऊन रडूबी आलं. समोर तो टाळ घेऊन माझ्या गुडघ्याकडंच बघून राहिला होता, कधी दुमडतो म्हणून. न्हाई दुमडला.

पहारा संपला. विणा घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो. मग विणा त्याच्या गळ्यात गेला की देणारा त्याच्या पाया पडतो. तो नमस्कार माणसाला नसतो, विण्याला असतो. चुलतभाऊ वाकला. माझ्या गुडघ्याला हात लावून, टाळांच्या आवाजात मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "लई दुखतं का, दादा?"

इतक्या महिन्यांनी आठवलं व्हय, असं मनात आलं.

"देवानंच उभा केला," मी म्हणलो.

त्याचं तोंड उतरलं. माझं काळीज असं गार झालं म्हणता, आजबी आठवलं की होतं. विणा त्याच्या गळ्यात घातला. आता पाया पडायची पाळी माझी. मी ताठ उभा. लोकच म्हणाले, राहू द्या, त्यांचा गुडघा वाकत न्हाई. मी काठी मागून घेतली अन् सगळ्यांदेखत ऐटीत घरी आलो.

बायको मागून आली. तेलाचं भांडं चुलीजवळून उचलता उचलता म्हणाली, "सकाळी तर वाकला होता."

"देवापुढं वाकतो. त्याच्यापुढं न्हाई."

"विणा त्याच्याच गळ्यात होता की," ती म्हणाली.

मंदिर जवळच. तिथून त्याचं रामकृष्णहरी ऐकू येऊन राहिलं होतं, अन् लेकाचा सुरात म्हणून राहिला होता.