के लिहायचा, बोलायचा नाही

"के पासून सुरू होणारे शब्द. अर्थासकट. कोण सांगतं?"

इंग्रजीच्या सरांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. आठवीचा वर्ग, धरणगावातली शाळा. मी शेवटच्या बाकावरची. एरवी माझा हात कधी वर जात नसे. पण पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ दिलेले होते आणि के चे सगळे शब्द मी घोकून आले होते.

"क्नाईफ म्हणजे चाकू. क्नी म्हणजे गुडघा. क्नॉट म्हणजे गाठ. क्नो म्हणजे माहीत असणे."

पहिल्या बाकावरून हसू फुटलं. मग दुसऱ्यावरून. मागचे का हसले ते देव जाणे, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. पुढचे हसले की आपण हसायचं, एवढं मात्र सगळ्यांना येत होतं. सर हसले नाहीत. खुर्चीत रेलून म्हणाले, "थांबू नकोस. अजून सांग."

मला वाटलं, बरोबर येतंय.

"क्नील म्हणजे गुडघे टेकणे."

"करून दाखव."

मी टेकले. तास संपेपर्यंत तशीच होते. सर उठ म्हणाले नाहीत. न सांगता उठावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझी मलाच जी लाज वाटते ती याची. अजून वाटते.

माझी चूक कशी झाली ते सांगते. आई सरांच्या घरी सकाळी अंगण झाडायची, गोठ्यातलं शेण काढायची. कापूस वेचायच्या दिवसांत दुपारी वावरात. मी सकाळी तिच्यासोबत असायचे. सरांच्या ओट्यावर तेव्हा शिकवणी चालायची. बागायतदारांची, दुकानदारांची पोरं. आम्ही ओट्याला शिवायचं नाही. तसं कुणी बजावलं नव्हतं. पण एकदा मी टेकून बसले, तर सरांच्या बायकोने तिथे बादलीभर पाणी ओतलं. पुन्हा बसले नाही.

ओट्यावरचं मला ऐकू यायचं, फळा दिसत नव्हता. 'नाईफ म्हणजे चाकू' हे मी कितीदा तरी ऐकलं होतं. पुस्तकात बघितलं तर चाकूला के एन लावून वेगळाच शब्द. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे सगळ्यालाच दोन शब्द. घरी आंडेर, पुस्तकात मुलगी. घरी बठ्ठं, पुस्तकात सगळं. घरी आते, पुस्तकात आता. तसंच इंग्रजीतही असेल, नाईफ ओट्यावरचा आणि क्नाईफ पुस्तकातला, असं मी धरून चालले. परीक्षा पुस्तकातली असते, म्हणून पुस्तकातला पाठ केला. मला अजूनही यात काही मूर्खपणा दिसत नाही.

त्या दिवसानंतर माझं नावच गेलं. सर मला क्नील म्हणायचे. वर्ग आळसावला, दुपारचं ऊन तापलं, की "ए क्नील, ये पुढे." मी जायचे, टेकायचे, शब्द म्हणायचे. पोरं जागी व्हायची. दुसऱ्या वर्गाचे मास्तर दारात आले तर त्यांनाही दाखवायचे. चुकीचं काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गंमत संपली असती. दिवाळी उलटली तरी हे चालूच होतं. मी घरी बोलले नाही. आई दमून यायची, मीही दमलेली असायचे. गुडघ्यांचं विचारलं तिने एकदा. पडले म्हटलं.

थंडीतली एक सकाळ. मी अंगणात शेणाची पाटी उचलत होते. ओट्यावर कुणा पोराने विचारलं, "सर, यात के कशाला?"

सर अगदी मायेने म्हणाले, "के पुढे एन आला की के लिहायचा, बोलायचा नाही. हे वर्गात सांगत बसायला वेळ नसतो. म्हणून तर तुम्ही इथे येता."

पाटी हातातच राहिली. मला रडू आलं नाही. मी इतके महिने स्वतःला मठ्ठ समजत होते. मठ्ठ नव्हतेच. मला सांगितलं नव्हतं, एवढंच. आणि ज्यांनी सांगितलं नव्हतं, तेच मला गुडघ्यावर बसवत होते.

पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. भारीतला सफारी, सोबत मुख्याध्यापक. सरांनी चांगल्या पोरांना विचारून घेतलं. साहेब खुशीत दिसले, तसे सर म्हणाले, "एक गंमत दाखवतो साहेब. क्नील, ये."

मी पुढे गेले. टेकले नाही.

"टेक ना. साहेबांना शब्द म्हणून दाखव."

"नील," मी म्हटलं. "के लिहायचा, बोलायचा नाही. हे तुम्ही ओट्यावर सांगितलं सर, वर्गात नाही सांगितलं."

आवाज कसा होता, आठवत नाही. कुणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, मुख्याध्यापकांनी त्यांना पुढच्या वर्गात नेलं. बस, एवढंच. सरांना कुणी जाब विचारला नाही. मला तशी आशाही नव्हती.

दुसऱ्या सकाळी आईला अंगणातूनच परत पाठवलं. हातात झाडू घेऊन ती घरी आली. मी तेव्हा सगळं सांगितलं, गुडघ्यांचंही. आणि मग मात्र रडले, कारण तिचं काम माझ्यामुळे गेलं होतं.

तिने माझ्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "खरं बोलनी ना तू? मंग रडस कसाले? तो गोठा गया ते जावू दे. तू शाया सोडू नको."

त्या वर्षी ती रोज एरंडोलच्या रस्त्याने लांबच्या वावरांत कामाला गेली. मी शाळा सोडली नाही. सरांनी तोंडीला मला नापासाच्या काठावर ठेवलं. काठावर तर काठावर.

आज मी धुळ्याकडच्या एका खेड्यात इंग्रजी शिकवते. फार मोठं काही केलं असं वाटत नाही. थकले आहे. सोबतचे मास्तर अजून म्हणतात, पोरं गुडघ्यावर बसवल्याशिवाय वठणीवर येत नाहीत. मी ऐकून घेते आणि माझ्या वर्गात जाते.

जूनमधल्या पहिल्याच तासाला के चे ते सगळे शब्द फळ्यावर लिहिते, मुक्या के वर रेघ मारते. आधी शेवटच्या बाकाला म्हणायला लावते. नील शब्दाचा अर्थ मी सांगते. करून दाखवत नाही. माझ्या वर्गात कुणाला करूही देणार नाही.