कालचं पाणी

वाव्हळे सर गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं, तेही शाळेच्या दारात, हातात खडूचा डबा असताना. चुडाव्याहून गाडीनं आलेली आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती म्हणाली, "बाई, तुमाला कळलंच न्हाई का? सर गेले. जेवून उठले, जरा बसतो म्हनले, अन् बसले ते बसलेच." चाळिशीही धड उलटली नव्हती त्यांची. मी तासाला गेले, कविता शिकवली. कोणती ते आता विचारलं तर सांगता येणार नाही. त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं. सात वर्षं राहून गेली होती, आणि आता राहूनच जाणार होती.

झरीच्या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी रुजू झालो. मी परभणीच्या किराणा दुकानदाराची मुलगी, मराठी शिकवायची. शिवपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेली. सर विज्ञानाचे, पूर्णेकडच्या एका लहान गावातले. घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते मॅट्रिकला होते. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं हळू, आणि हट्ट मात्र दगडासारखा. एकदा मुलांची सहल घेऊन ते मुंबईला गेले. मुलं समुद्र बघत होती आणि सर दिवसभर मत्स्यालयात, काचेपुढच्या पाट्या वहीत उतरवत उभे. येताना पाण्याच्या किटलीत चार सोनमासे, दोन एंजल आणि एक राखी रंगाचा गुरामी. मनमाडला गाडी बदलताना हमालानं किटली उचलली तर म्हणे हे त्याच्यावर ओरडले. सरांचं ओरडणं मी कधी ऐकलं नाही, त्यामुळं ही गोष्ट मला अजून खरी वाटत नाही.

टाकी त्यांनी स्वतः केली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, खिडकीच्या काचा, सांध्याला काच बसवायची लांबी. पहिले आठ दिवस ती गळत होती आणि सर तिच्याखाली परात ठेवून तास घेत होते. हवेसाठी सायकलची ट्यूब, तिला बारीक नळी. सकाळी एक मुलगी पंप मारून जायची, मधल्या सुट्टीत दुसरी. आणि भिंतीवर पुठ्ठ्याच्या पाट्या, सरांच्या ठसठशीत अक्षरात. माशाला पापणी नसते, तो उघड्या डोळ्यांनी झोपतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. गुरामी वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून खराब पाण्यातही टिकतो. समुद्रघोड्याची पिल्लं नर पोटाच्या पिशवीत वाढवतो. ही शेवटची पाटी गावात फार गाजली. आठवडी बाजारच्या दिवशी बायका मुद्दाम बघायला यायच्या. एक म्हातारी नातीकडून ती दोनदा वाचून घेऊन म्हणाली, "सर, मंबईहून ह्याचे दोन-चार नर आना बरं. गावातल्या गड्यास्नी दावायचेत." सर तांबडे झाले. दुसरी म्हणाली, "खायचे न्हाईत तर पाळायचे कशाला?" त्यावर सरांनी जे उत्तर दिलं ते माझ्या ध्यानात राहिलंय. "बघायला, मावशी. पानी जवळून बघायला."

त्या उत्तराचा अर्थ मला उशिरा लागला. एकदा शाळा सुटल्यावर ते टाकीत कोपरापर्यंत हात घालून शेवाळ काढत होते. मी सहज म्हटलं, "सर, तुम्हाला याचा कंटाळा कसा येत नाही?" हात पाण्यातच ठेवून ते म्हणाले, "आमच्या गावात आमी विहिरीपासून लांब उभे राहायचो, बाई. कुनाला दया आली तर वरून ओतायचे. कधी सकाळपासून दुपार व्हायची... मला तवा वाटायचं, एकदा ह्या पान्यात हात घालून बघावं." आणि परत शेवाळ काढू लागले. मला एकदम आठवलं, की दोन वर्षांत सरांनी मला कधीच "पाणी घेता का?" असं विचारलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, कौशावहिनींनी, डब्यातली भाकरी कितीदा पाठवली असेल, पण पाण्याचं ते माझ्यावर सोडून देत. मी मागितलं तरच. आणि मी, खरं सांगते, मागितलं नव्हतं. ठरवून नाही... पण मागितलं नव्हतं हे खरं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. झरीच्या आडांना तळ लागला, टँकर येऊ लागला. माझ्या खोलीच्या वाट्याला दिवसाआड एक घागर. शाळेत कुणी म्हणालं, माणसांना नाही तिथं माशांचे कसले लाड? सर स्वतःच्या वाट्यातून तांब्या-तांब्या पाणी कोपऱ्यातल्या रांजणात साठवू लागले. उन्हाळ्यात त्यांना पंधरा दिवस दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला पाठवलं. जाताना टाकी माझ्यावर सोपवली. "रांजनातलंच घाला, बाई. रोज उडून जातं तेवढंच. दुसरं काही करू नका." सरांची सांगण्याची पद्धत अशी, की कारण विचारलं तरच सांगायचे. आणि मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी रांजणात डोकावले. पाणी चार-पाच दिवसांचं, वर धुळीची साय. आमच्या घरात सकाळी उठून पहिलं काम म्हणजे कालचं पाणी ओतून ताजं भरायचं. शिळं पाणी आई पूजेलाच काय, पायावर सुद्धा घेऊ द्यायची नाही. मला त्या माशांची दया आली. त्यातून सरांचं ते विहिरीचं बोलणं मनात होतंच. त्या दिवशी टँकर आला, मी माझी भरलेली घागर तशीच शाळेत नेली, टाकीतलं जुनं पाणी अर्ध्यावर काढलं आणि ताजं ओतलं. पाण्याला दवाखान्यासारखा वास होता. मी म्हटलं, चला, स्वच्छ आहे. इतकं बरं वाटलं मला... काहीतरी फेडल्यासारखं.

सकाळी सहा मासे वर तरंगत होते. गुरामी तेवढा हलत होता. मुली रडल्या. आम्ही भिंतीकडेला खड्डा केला.

सर परत आले तेव्हा मी म्हणाले, "ऊन फार होतं, सर." ते टाकीजवळ वाकले. गुरामी वर आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला. "ह्यो वाचला," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हो बाई. ऊन लय होतं." चार दिवसांनी रांजणावर नवी पाटी दिसली: 'टँकरच्या पाण्यात औषध असते. एक दिवस उघडे ठेवावे. उद्या वापरावे.' ती वाचली आणि मला तो दवाखान्यासारखा वास आठवला. पण चूक कबूल करायला जी एक सकाळ लागते ती निघून गेलेली असते. मग सरांची चुडाव्याला बदली झाली, माझी परभणीला. गेल्या दिवाळीत स्टेशनवर भेटले, तेव्हा सांगायचं ठरवूनच त्यांच्याशेजारी बाकावर बसले होते. पण ते कासवाचं वय कसं ओळखतात ते सांगू लागले, आणि गाडी आली.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, त्या दिवसकार्याला, जाणं झालं नाही. पंधरा दिवसांनी चुडाव्याला गेले. दोन खोल्या, ओसरीत तीच टाकी. सांध्याला लांबीचे नवे थर, आत पाच-सहा लहान मासे. शेजारी एक उघडी घागर. तिच्यावरची पाटी वाचायची गरज नव्हती. कौशावहिनी म्हणाल्या, "आता हितं नळाला पन ते औषध टाकायलेत. म्हनून भरून ठेवते रोज. सवय लागली."

मला थांबता आलं नाही. "वहिनी, झरीचे मासे उन्हानं नव्हते मेले. मी मारले."

"त्यास्नी ठाऊक होतं की." त्या सहज म्हणाल्या. "आले त्याच दिवशी मला म्हनले, गुरामी हाय अन् बाकीचे गेले, म्हंजे पानीच बाधलं. टँकरचं पडलंय. मग शेजारणीकडून कळलं, की बाईनी आपली घागर रिकामी केली." त्यांनी पदरानं घागरीचा काठ पुसला. "लय दिवस तेच चाललं होतं त्यांचं. म्हनायचे, मासे काय, परत आनता येत्यात. पन कौशे, बाई त्या दिवशी सोता काय पेल्या असतील गं? दिवसाआड टँकर होता..."

त्या दिवशी मी काय प्यायले, ते मला आठवत नाही. सात वर्षं मी माझ्या चुकीचा हिशोब करत बसले, आणि हा माणूस माझ्या तहानेचा.

मी टाकीकडं बघितलं. मासे उघड्या डोळ्यांनी एका जागी थांबले होते. झोपले असावेत. मग म्हटलं, "वहिनी, पाणी द्या मला."

त्या लगबगीनं उठल्या. "आनते. ताजं भरून आनते नळाचं. हे कालचं हाय."

"कालचंच द्या," मी म्हणाले. त्यांनी घागरीत तांब्या बुडवला, आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला.