घरचंच समजा

जावयाच्या त्या इटालियन हॉटेलात पाऊल टाकलं आणि मला पहिला राग आला तो अंधाराचा. बाहेर सांगलीचं भर दुपारचं ऊन, आणि आत पडदे ओढून टेबलाटेबलावर मेणबत्त्या लावून ठेवलेल्या. आमच्याकडे लाइट गेली की वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. इथे लोक हौसेनं अंधारात बसायला येणार होते. खुर्ची इतकी जड की ती ओढायला वेगळा माणूस लागावा, आणि तसा एक माणूस खरंच मागे उभा होता. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, माझी खुर्ची या वर्गातून त्या वर्गात मीच उचलून नेली. त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि माझी मी बसले.

खरं म्हणजे हॉटेलनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. माझा राग होता तो शेजारी ताठ बसलेल्या माणसावर. आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं, मग समोर लेक असो नाहीतर देव. आणि त्या दिवशी ते लेकीच्या हातचं जेवणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

आमच्या घरात रीत अशी, की लेक ज्या घरात दिली तिथलं अन्न तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तोंडात घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. नातवंडाचं तोंड बघायचं, बाळंतविडा ठेवायचा आणि मगच त्या घरात पहिल्यांदा पाटावर बसायचं. माझ्या वडिलांनीही हेच पाळलं. मला ही लेक झाली तेव्हा ते कोरेगावला आमच्या घरी आले, आणि पुरणपोळीचा पहिला घास घेताना त्यांचे डोळे भरून आले. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. वाट वर्ष-दीड वर्षाचीच असली की रीत गोडच लागते.

लेकीच्या लग्नाला आता आठ वर्षं होत आली, आणि मूल नाही. दर दिवाळीला आम्ही सांगलीला जातो. कडेगावच्या अलीकडे गाडी उभी करून बरोबर आणलेली भाकरी खाऊन घेतो. मग एसटी स्टँडवर बसावं तसं तिच्या हॉलमध्ये बसतो, आमच्या बाटलीतलं पाणी पितो आणि परत येतो. मूल नाही हे एखाद्या बाईला सांगायला शेजारीपाजारी काय कमी असतात? इथे तर तिचा बापच घोटागणिक सांगत होता. मी भांडले, अबोला धरून पाहिला. ह्यांचं आपलं एकच पालुपद, रीत मी काढली नाही, मी मोडणार नाही.

मग जावयानं हे हॉटेल काढलं. त्यांचा घरचा धंदा हळदीचा, पण त्याचं मन त्यात कधी रमलं नाही. लेक पुण्याला हॉटेलचं शिकलेली, लग्नाआधी तिथल्याच एका मोठ्या हॉटेलात इटालियन स्वयंपाक करायची. त्यामुळे कष्ट लेकीचे, भांडवल विहीणबाईंचं आणि जाहिरातीत फोटो जावयाचा, अशी वाटणी झाली. हेही मला आवडलं नव्हतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

लोकांसाठी सुरू करण्याआधी एका रविवारी दुपारी दोन्ही घरांना जेवायला बोलवायचं ठरलं. जावयानं ह्यांना फोनवर वकिलासारखं पटवलं: हे हॉटेल आहे, घर नाही, हॉटेलात कुणीही जेवतं, मग रीत आडवी येतेच कुठे? ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि हॉटेल असेल तर चालेल म्हणून कळवलं. लगेच लेकीचा मला फोन. आप्पांना तिखट लागतं ना, मग लाल मिरची घालू का, लसूण जास्त घालू का, मऊ करू की जरा कडक ठेवू. इतक्या आनंदात मी तिला तिच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. निघालो त्या दिवशी मी भाकऱ्या थापल्या नाहीत. कडेगाव आलं आणि मागे पडलं, गाडी थांबली नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत जाताना पोटात कावळे ओरडत होते, आणि तरी मला बरं वाटत होतं.

घोटाळा झाला तो दारात. जावई हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "या आप्पा, हॉटेल म्हणू नका हं. आपलंच आहे, घरचंच समजा."

आता हे वाक्य आपल्याकडे कोण म्हणत नाही? चहाला आलेल्या विमा एजंटालासुद्धा आपण घरचंच समजा म्हणतो, आणि तो बिचारा बिस्किटसुद्धा विचारून उचलतो. ते म्हणायचं असतं, ऐकायचं नसतं. आमचे हे मात्र ऐकतात. ते उंबऱ्यातच थबकले. तेवढ्यात विहीणबाईंनी जरीचा पदर सावरत भर घातली, की घर काय नि हे काय, एकच की. फोनवर वकिली करणारा हा पोरगा दारात असा गाढवासारखा वागेल असं मला वाटलं नव्हतं. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच मी ओळखलं, की आता काही खरं नाही.

आत बसल्यावर ह्यांनी पिशवीतून प्रवासातली पाण्याची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. निमुळत्या काचेच्या पेल्यांच्या मध्ये ती मळकी निळी बाटली. कोटातला वेटर वाकून हळूच म्हणाला, की बाहेरचं पाणी इथे चालत नाही. जावयानं त्याला डोळ्यांनी दटावून मागे सरकवला, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. विहीणबाई बाटलीकडे बघून हसल्या. मी टेबलाखालून ह्यांचा पाय दाबला, त्यांनी तो काढून घेतला.

जेवण यायला लागलं. आधी परडीत पाव आणि वाटीत हिरवं तेल. मग परातीएवढ्या पांढऱ्या ताटात मध्यभागी मूठभर शेवया, वर लाल रस्सा आणि तुळशीसारखं एक पान. ताट एवढं आणि जेवण एवढंसं बघून माझं डोकं पुन्हा फिरलं. उपाशी माणसाची ही थट्टा होती. विहीणबाई काट्याला शेवया गुंडाळायला गेल्या आणि त्या घसरून खाली पडल्या. काटा-चमचा त्या टेबलावर एकालाच नीट धरता येत होता, फौजेच्या मेसमध्ये शिकलेल्या आमच्या ह्यांना, आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. जावयानं दोनदा आग्रह केला. ह्यांनी दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं, की तुम्हीच घर म्हणालात, आता घरी मी जेवत नसतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

मग विहीणबाईंनी तोंड उघडलं. आधी गोड आवाजात म्हणाल्या, की तुमच्या जेवणाची आम्ही किती वर्षं वाट बघतोय. मग म्हणाल्या, किती डॉक्टरांची नावं सुचवली, सून ऐकतच नाही, सदा आपली भटारखान्यात. त्यावर त्यांनी पाव मोडता मोडता शेवटचं वाक्य टाकलं.

"जाऊ दे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आड कुणाचा कोरडा हाय ते बघाया लागंल मग. एकाच आडात डोकवून चालायचं न्हाई."

जावयानं मान खाली घातली. बाई लालबुंद झाल्या. आणि तेवढ्यात मला दिसलं, की लेक आतून आली आहे आणि तिनं दोघींचंही ऐकलं आहे. अंगात पांढरा कोट, कपाळावर घाम, हातात पुसायचं फडकं. ती आम्हा बायकांकडे बघतही नव्हती. आप्पांच्या भरल्या ताटाकडे आणि शेजारच्या बाटलीकडे बघत होती.

ती त्यांच्या खुर्चीशी आली आणि वर्गात धडा वाचावा तशा सरळ आवाजात बोलली. "आप्पा, कुणाचाच आड कोरडा न्हाई. आम्हाला मूल नकोय. लग्नाच्या आधीच ठरवलंय दोघांनी. तुम्ही ज्याची वाट बघताय ते येणारच न्हाई. आता सांगा, तुम्ही माझ्याकडं कधीच जेवणार न्हाई का?"

विहीणबाईंनी लेकाला विचारलं, की हे खरं आहे का. त्यानं मान हलवली. नुसती मानच, आठ वर्षं बायकोवर पडणारे दगड बघत बसलेल्या त्या माणसाला त्या दिवशीही तोंड उघडता आलं नाही. त्याचा मला आजही संताप येतो. बाई उठल्या आणि पदर आवळत चालत्या झाल्या. त्यांच्यामागे तोही गेला.

ह्यांनी मांडीवरचा रुमाल उचलला, चार कोपरे जुळवून घडी घातली आणि ताटाशेजारी ठेवला. बाटली पिशवीत टाकली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवतील असं मला क्षणभर वाटलं.

"गाडीत हाय मी," ते मला म्हणाले आणि गेले.

ती ते गेले त्या दाराकडे बघत उभी होती. मला तिची दया यायला हवी होती, पण मला तिचाही रागच आला. माझ्या कपाटात मी माझ्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली आहेत, मऊ व्हावीत म्हणून वरचेवर धुऊन. विचारलं, "आठ वर्षं आमी बाटल्या घेऊन येतोय, आन् तू बघत बसलीस? मला तरी सांगायचं हुतंस."

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर येणं बंद केलं असतं तुम्ही. वाट बघायला का होईना, येत तरी होता."

तेवढ्यात मला जाणवलं, की मला भयंकर भूक लागली आहे. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी ताट पुढे ओढलं. माझा बाप, माझी आजी, सगळे त्या ताटाभोवती उभे आहेत असं वाटलं. काट्याच्या नादी न लागता मी हातानंच घास घेतला. तो गिळला आणि दुसरा घेतला. ताट संपवून ह्यांचं ताट ओढलं. ती शेजारच्या, तिच्या बापाच्या खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"शिजलं न्हाई नीट," मी म्हटलं. "आन् मीठ बी कमी हाय."

ती हसायला लागली. मग त्या फडक्यात तोंड खुपसून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, की लग्न झाल्यापासून तिच्या स्वयंपाकाला सासरच्यांनी नावं ठेवली, पाहुण्यारावळ्यांनी ठेवली, पण माहेरचं कुणी नावं ठेवायलासुद्धा आलं नव्हतं.

बाहेर आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग जरा थांबून लांबलचक. ती डोळे पुसत उठायला लागली आणि म्हणाली, "आई, आप्पा बोलवतायत."

"वाजवू दे," मी म्हटलं आणि ताट तिच्यापुढे केलं. "वाढ अजून."