सिलिका जेलपुढची खूण

सत्तरचं दशक सरत असताना मी रॉकेटच्या इंधनाची चाचणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. भुकूमला खोली घेतली होती, रोज एस.टी.नं जायचे. काम असं: इंधनाच्या नखाएवढ्या तुकड्यावर तापलेला वायू सोडायचा आणि ज्योत दिसेपर्यंतचा वेळ टिपायचा. तुकडा लगेच पेटत नाही. आधी पृष्ठभागाचं विघटन होतं, त्यातून वायू सुटतो, आणि आग त्या वायूला लागते, तुकड्याच्या किंचित वर. तुकडा ओलसर असेल तर बरीच उष्णता ओल घालवण्यातच जाते. ज्योत उशिरा येते.

म्हणून तुकडे झाकणबंद काचपात्रात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांवर ठेवायचे. खडे निळे तोवर ठीक; गुलाबी झाले की बदलायचे. माझ्या यादीतलं हे सातवं काम. मला सवय होती, सकाळी चहाआधीच सगळ्या कामांपुढे खुणा करून टाकायच्या. कामं मी करायचेच. श्रावणातल्या एका आठवड्यात सातवं राहिलं.

सगळे तुकडे उशिरा पेटले. साहेबांनी यादी पाहिली, खूण होती. मग दोष इंधनाच्या मिश्रणावर गेला, म्हणजे ते करणाऱ्या रिहे गावच्या कामगारावर. तो रोजंदारीवर होता, त्याच महिन्यात कायम होणार होता. मी काचपात्राकडे पाहिलं. खडे गुलाबी होते. संध्याकाळी ते बदलले आणि गप्प बसले. माझी नोकरी पक्की होती, फार तर बोलणी बसली असती.

एस.टी.त तो शेजारी बसला. "ताई, म्या समदं दोनदा तोललं व्हतं."

"मग साहेबांना सांगा ना."

"तुमच्या यादीफुडं माझं कोन ऐकतंय?" तो हसला. "बायको बी म्हनती, तुमी काय लिवून ठिवत न्हाई."

त्याचं कायम होणं थांबलं. त्याच मिश्रणाचे उरलेले तुकडे मी वाळवून तपासले. वेळेत पेटले. आकडा नोंदवहीत लिहिला नाही.

महिन्याभरानं तो कोरा कागद घेऊन आला. "साहेब म्हनत्यात, चूक कबूल केली तर फुडल्या साली बघू. तुमचं अक्षर चांगलं हाय. द्या लिवून."

मी लिहिलं, 'मिश्रण करताना माझ्याकडून हयगय झाली.' खाडाखोड न करता, तीन ओळींत अर्ज पुरा केला आणि त्याला वाचून दाखवला.

"हयगय म्हंजी?"

"निष्काळजीपणा."

"बरं. सही कुटं करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.