बुंधा खाली, शेंडा वर

दुपारचे बारा वाजत होते. मी आणि रशीदचाचा वालूरच्या एका बारवेच्या खालच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे होतो. समोर आमच्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे अप्पांच्या, नव्या घराच्या चौकटीचे दोन सागवानी खांब पाण्यावर तरंगत होते. त्या खांबांवर मी आठवडाभर राबलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट उभी करायचा मुहूर्त होता. वर काठावर एक बाई घागर घेऊन थांबली होती. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "मिस्त्री, लाकडाला आंघूळ घालायलाव का?"

चाचा गंभीरपणे म्हणाले, "हौ बाई. कल शादी है इसकी."

ही गोष्ट मी आजवर धंद्यातल्या कुणाला सांगितलेली नाही. घरीही नाही. मी मुळात कमी बोलतो, आणि या बाबतीत तर तोंडाला कुलूपच लावलं होतं. आता पन्नाशी उलटली आहे आणि कुलूप उघडलंच आहे, तर सगळंच सांगून टाकतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. सेलूत माझं छोटं सुतारकामाचं दुकान होतं. रशीदचाचा माझ्याकडं पॉलिशचं काम करायचे. वयानं माझ्या दुप्पट, आणि हाताला असे घट्टे की काचपेपर त्यांना घाबरत असावा. तेव्हा आम्ही लाकूड हातानंच घासायचो. लाकडी गुटक्याला पेपर गुंडाळायचा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, खांदा बोलायला लागेपर्यंत घासत राहायचं. एका दाराला दीड दिवस सहज जायचा.

मग कुणीतरी सांगितलं की हैदराबादला घासायच्या मशिनी आल्यात. मी मीटरगेजच्या गाडीत बसलो आणि सकाळी सिकंदराबादच्या अवजारांच्या बाजारात उभा राहिलो. दुकानदारानं तीन मशिनी समोर मांडल्या. पहिली पट्ट्याची. तिच्यात खरखरीत पट्टा गरगर पळतो. जुन्या तुळयांवरचा रंग सोलायला ती चांगली, पण पॉलिशच्या लाकडावर हात क्षणभर थांबला की खड्डा. दुसरी चौकोनी, नुसती थरथरणारी. ती सुरक्षित, पण तिची वाट बघत म्हातारं व्हायचं. तिसरी गोल चकतीची, मुठीत मावणारी. तिला रँडम ऑर्बिटल सँडर म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मी ते नाव तीनदा म्हणून घेतलं.

तिची गंमत अशी. भोवरा स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता जमिनीवर भटकतोसुद्धा. या मशिनीची चकती तेच करते, फक्त फार वेगानं आणि फार थोड्या जागेत. त्यामुळं पेपरवरचा कुठलाही कण एकाच वाटेनं दोनदा जात नाही. म्हणून लाकडावर गोल ओरखडे उमटत नाहीत, आणि रेष आडवी की उभी हेही फारसं बघावं लागत नाही. जिथं आडवं लाकूड उभ्याला भेटतं तिथं तर ही मशीन म्हणजे वरदान.

दुकानदारानं वापरायची रीत तीन वाक्यांत सांगितली. "दबाना नहीं, रोकना नहीं, नंबर कूदना नहीं." म्हणजे मशिनीवर जोर द्यायचा नाही, तिचं वजन तिला पुरे. एका जागी थांबायचं नाही. आणि ऐंशी नंबरच्या जाड पेपरवरून थेट दोनशेवीसच्या बारीक पेपरवर उडी मारायची नाही, मधले एकशेवीस आणि एकशेऐंशी घ्यायचेच. नाही तर जाड पेपरचे ओरखडे पॉलिश लावल्यावर दात काढून हसतात. मग त्यानं एका जुन्या फळीवर मशीन फिरवली आणि मला डोळे मिटून हात लावायला सांगितलं. मी लावला. खरं सांगतो, भर बाजारात मला खुदकन हसू आलं.

परत येताना मशीन पूर्णवेळ मांडीवर होती.

पहिलंच काम मिळालं ते वालूरच्या मल्लिकार्जुनअप्पांचं. अप्पा अडत व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं तोलून. त्यांनी नवं घर बांधायला काढलं होतं. सागाचे ओंडके त्यांनी वखारीत स्वतः निवडले आणि दर्शनी चौकटीचं काम देताना एकच अट घातली.

"बालाजी, लाकूड झाडात जसं उभं होतं तसंच दारात उभं ऱ्हायलं पाहिजे. बुंधा खाली, शेंडा वर. आमच्या जुन्या घरात मिस्त्रीनं खांब उलटे बसविले आन् वर्षाच्या आत आमी तिघं भाऊ तीन दिशेला गेलो. तुला काम द्यायलोय ते या एका बोलीवर."

मी हो म्हणालो. ही समजूत आमच्या धंद्यात जुनी आहे. मी स्वतः ती मानत होतो की नाही, हा मुद्दा नव्हता. मी शब्द दिला होता.

शब्द पाळायची रीतही साधी आहे. ओंडका कापला की बुंध्याकडच्या टोकाला गेरूनं फुली मारायची. ती मारायची भिंतीत जाणाऱ्या बाजूला, कारण त्या बाजूला पुढं डांबर लागतं आणि ती कुणालाच दिसत नाही. म्हणून ती बाजू कुणी घासतही नाही.

मी घासली.

त्याचं कारण एवढंच की मला थांबवत नव्हतं. अप्पांच्या नव्या घराच्या पडवीत मशीन सुरू केली आणि अर्ध्या तासात निम्मं वालूर गोळा झालं. भुसा उडायच्या ऐवजी मशिनीच्या पिशवीत जातोय, हे बघून लोक पिशवीलाच हात लावून बघत होते. एका बाईनं पोळपाट आणला. तो घासून दिला, तर घटकाभरात दहा पोळपाट आले. मग कुणी बॅट आणली, कुणी औताचं जू. एका म्हाताऱ्यानं आपली काठी आणली आणि घासून झाल्यावर हातातून सटकते म्हणून परत खरखरीत करून मागितली. रशीदचाचा आधी लांब बसून मशिनीला नावं ठेवत होते. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो आणि आलो, तर चाचा डोळे मिटून मशीन चालवत होते आणि तोंडानं तिच्यासारखाच आवाज काढत होते.

वीज दिवसातून चार तास यायची. ती आली की आम्ही लग्नघरातल्यासारखे धावायचो. अशाच एका धावपळीत मी चौकटीचे खांब घेतले. दर्शनी बाजू झाली. आतली झाली. कडेची झाली. मशीन हातात गुणगुणत होती, वीज अजून होती. मी खांब पालथे केले आणि चौथी बाजूही आरशासारखी केली. शंभर टक्के अनावश्यक काम. आयुष्यात इतक्या आनंदानं मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

चाचांनी खांबावर हात फिरवला, वाहवा केली, आणि मग विचारलं, "निशानी किदर है रे?"

मी पिशवीकडं बघितलं. पिशवीतला भुसा किंचित तांबूस होता.

आता घोटाळा नीट समजून घ्या. चौकटीच्या खांबाला दोन्ही टोकांना कुसू असतं, म्हणजे वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडात घुसणारी जीभ. ती दोन्हीकडं सारखीच. दाराची फळी टेकायला खांबाच्या कडेनं पूर्ण लांबीची खाच असते. त्या खाचेमुळं डावा खांब उलटा केला की तो उजवा होतो, आणि उजवा उलटा केला की डावा. मी खाचा फुल्या बघूनच पाडल्या होत्या. म्हणजे आता दोनच शक्यता उरल्या. एक तर दोन्ही खांब बरोबर बसणार, नाही तर दोन्ही उलटे. मधलं काही नाही.

पानासारख्या टोकदार रेषा असत्या तर त्यावरून झाडाची वरची दिशा कळली असती. पण अप्पांनी निवडून निवडून सरळ रेषेचं लाकूड घेतलं होतं. दोन्ही टोकं जुळ्या भावांसारखी.

चाचा म्हणाले, "अप्पा को बोल दे. आज बोलेगा तो गालियाँ देगा, दूसरी लकडी लाएगा, खलास."

दुसरं लाकूड म्हणजे मुहूर्त चुकणार. आणि चुकला तर का चुकला, ते गावाला कळणार. माझं पहिलं मोठं काम. मी म्हणालो, बुंधा जड असतो, पाण्यात टाकलं तर जड टोक खाली जाईल. चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि नुसतेच हसत सुटले. पण खांबाचं दुसरं टोक त्यांनीच उचललं.

तर अशा रीतीनं आम्ही बारवेत पोचलो होतो. पहिला खांब सोडला. तो डुलला, स्थिर झाला, आणि एक टोक स्पष्ट दोन बोटं खाली गेलं. मी पायरीवरच उडी मारली. त्या टोकाला चाचांनी रुमालाची चिंधी बांधली. दुसरा खांब सोडला. त्याचंही एक टोक खाली. त्यालाही चिंधी. मग दोन्ही बाहेर काढले, चिंध्या खाली धरून शेजारी शेजारी उभे केले आणि खाचा बघितल्या.

दोन्ही डावे निघाले.

चाचा पायरीवर बसले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट. "दो बाएँ! बालाजी, एक और घर ढूँढ, दो दाएँवाला!" मलाही आवरेना. कुठल्या तरी एका खांबात आतली गाठ असावी, तिनं वजन फिरवलं असावं. पण कुठल्या, हे सांगायला कुणी नव्हतं. घागरवाली बाई आमच्याकडं बघून पायऱ्यांच्या दुसऱ्या बाजूनं उतरली.

त्यात नवं संकट. लाकडाला पाणी लागलं की घासून दबलेले बारीक धागे उभे राहतात. आरशासारखे खांब आता बोकडाच्या दाढीसारखे लागत होते. उन्हात वाळवले, संध्याकाळी वीज आल्या आल्या दोनशेवीसचा पेपर लावला आणि हलक्या हातानं पुन्हा घासले. गंमत म्हणजे उठलेले धागे कायमचे निघून गेले आणि खांब आधीपेक्षा तलम झाले. आजही महत्त्वाच्या कामात मी लाकूड मुद्दाम ओल्या फडक्यानं पुसतो, वाळवतो आणि शेवटचा हात मारतो. ही युक्ती मी कुठं शिकलो, ते कधी सांगितलं नव्हतं.

डावा-उजवा शेवटी कसा ठरवला? तेही सांगतो. ज्या मांडणीत रस्त्यावरून रेषा जास्त छान दिसत होत्या, ती मांडणी घेतली. बस.

सकाळी जंगम आले, पूजा झाली, आंब्याची पानं बांधली. चौकट उभी राहिली. अप्पांनी खांबावरून तळवा फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, "बुंधा खाली हाय ना?"

मी म्हणालो, "हाय, अप्पा."

चाचा माझ्या मागं उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी मला त्याबद्दल टोमणासुद्धा मारला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पुढं ते गेले. मग हे जाणणारा मी एकटाच उरलो.

त्या घरातलं काहीही वाईट ऐकलं की मी दोष स्वतःला लावायचो. अप्पांचा पाय मोडला, मी. थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, मी. नातू झाला, तर मी सेलूत पेढे वाटले. लोकांना वाटलं माझाच कुणीतरी पास झाला.

मागच्या वर्षी मागचं दार घट्ट झालंय म्हणून अप्पांचा निरोप आला. अप्पा आता थकलेत, पण कपाळावरचं भस्म तसंच. चहा आला. तो प्यायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. मशीन, फुली, बारव, दोन डावे, सगळं. अप्पांचा चेहरा दगडाचा झाला. मी शिव्यांची वाट बघत होतो.

पण आवाज आला आतून. स्वयंपाकघराच्या दारात काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे चौकटीची खात्री नव्हतीच का?"

"नव्हती, काकू."

काकू हळूहळू पुढं आल्या आणि अप्पांसमोर उभ्या राहिल्या. "ऐकलाव का? पाय मोडला तवा काय म्हणलाव? चौकट तर बराबर हाय, मग तुझ्याच पायगुणानं झालं आसंल. पोरीचं लग्न मोडलं तवाबी तेच. इतकी वर्षं या घरातलं समदं वाईट माझ्या पायानं आलं, का तर चौकट बराबर हाय!"

माझ्या हातातला चहा सांडला. मला वाटत होतं की माझ्या खोट्याचं ओझं मीच वाहतोय. ते वाहत होत्या काकू. मला ते सुचलंच नव्हतं.

अप्पा चौकटीकडं बघत म्हणाले, "खांब काढून बघावं का आता?"

आणि काकू हसायला लागल्या. साधं हसू नव्हतं ते. पदर तोंडाला लावून, भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्या खाली बसल्या. अप्पांनी आधी रागानं बघितलं, मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि मग मीही गेलोच.

"काढू नका," काकू शेवटी म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तशीच. पण आता काई वाईट झालं की बोल चौकटीला लावायचा. मला न्हाई." आणि मला म्हणाल्या, "मिस्त्री, दुसरा चहा आणते. त्यो सांडला."

नव्या लोकांना मशीन दाखवताना मी हैदराबादच्या दुकानदाराची तिन्ही वाक्यं सांगतो. चौथं माझं आहे: निशाणी पुसली गेली तर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगा. उशीर केला तर चूक कुणाच्या डोक्यावर जाऊन बसते, ते तुम्हाला कळतसुद्धा नाही.